उबदार व्हॅनिलाचा पर्फ्यूम लावणारी बाई कशी असते म्हणे?

मनीषनगरची_इंजिनिअर
मी बांधकामाच्या साईटवर इंजिनिअर आहे. दिवसभर सिमेंट, सळया, शटरिंगवाले, सेंट्रिंगवाले आणि फोन. बोलणं माझं कडक आहे कारण तिथं मऊ बोललं तर कोणी ऐकत नाही. दिवाळीला बोनस आला तेव्हा स्वतःसाठी एक पर्फ्यूम घेतला, व्हॅनिलाचा, पण नुसता गोड नाही, खाली थोडं लाकूड, थोडा ऊद जाळल्यावर येतो तसा धूर. मला इतका आवडला की रोज सकाळी हेल्मेट घालायच्या आधी गळ्याशी एकदा मारते आणि बरं वाटतं.

तर साईटवरचे सुपरवायझर काका एक दिवस म्हणाले, "मॅडम, कोनाचा बड्डे आहे का आज, केकचा वास येऊन राहिला." सगळे हसले, मीही हसले, त्यात काही नाही, काका माणूस चांगला आहे. पण नंतर माझी एक मैत्रीण म्हणाली की काकांचं बरोबर आहे, असा गरम व्हॅनिलाचा वास म्हणजे गोड, लाजरी, घरात रमणारी, सगळ्यांना खाऊपिऊ घालणारी बाई, तुझा स्वभाव तसा नाही, तुला शोभत नाही, तू काहीतरी तिखट लाव, लिंबूवर्गीय किंवा चामड्याचा वगैरे. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. खरंच वासावरून माणूस ओळखतात का? आणि दुसरं म्हणजे आता मार्च संपत आला, एप्रिल-मेमध्ये नागपुरात हा वास चालेल का की लोक पळतील?

तर्रीपोहे
आधी पर्फ्यूमचं नाव सांगा बाप्पा, मग स्वभाव काढू.

मनीषनगरची_इंजिनिअर
नाव मुद्दाम नाही टाकत, मग सगळी चर्चा त्या एकाच बाटलीवर जाते. वर्णनावरून बोला.

संत्राबर्फी
मला व्हॅनिला म्हटलं की लहानपणीचं दिनशॉचं आईस्क्रीम आठवतं, लग्नाच्या पंगतीत शेवटी यायचं ते, पुठ्ठ्याच्या कपात आणि लाकडी चपटा चमचा. तो चमचा चाटायचा वास. त्यामुळे कोणी तो पर्फ्यूम लावून आलं तर मला ते माणूस पहिल्यापासूनच आवडतं, ओळख नसली तरी. माझ्यासाठी तरी ताई तुमची मैत्रीण चूक आहे.

फुटाळा_संध्याकाळ
मी थोडं विरोधात बोलते. वास माणूस निवडतो ना? कोणी जबरदस्तीनं लावत नाही. म्हणजे निवडीत काहीतरी स्वभाव येणारच. माझ्या ऑफिसात ज्या दोघी गोड, उबदार वास लावतात त्या दोघीही खरंच मायाळू आहेत, कोणाला बरं नसलं की आधी विचारतात. आणि जो एकदम थंड, समुद्राच्या पाण्यासारखा वास लावतो तो खरंच कोणाशी बोलत नाही. आता हा योगायोग म्हणा. पण मला वाटतं ताई, तुमच्यात ती ऊब असेलच, साईटवर दिसत नसेल इतकंच. मैत्रिणीला तुमची एकच बाजू माहीत आहे.

अत्तरदाणी
या विषयावर मी जरा लांब लिहिणार आहे, सहन करा, वीस-बावीस वर्षांचं वेड आहे हे.

"व्हॅनिला म्हणजे लाजरी" हे ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा शालिमार हुंगायला द्या. गेर्लां या फ्रेंच घराण्याचं, जाक गेर्लां यांनी बनवलेलं, १९२५ चं. नाव आपल्याच मुघलांच्या शालिमार बागेवरून. वर बर्गमॉट या लिंबासारख्या फळाची आंबट झुळूक, मध्ये थोडी फुलं, आणि खाली व्हॅनिला, पण ती व्हॅनिला चामड्यात आणि धुरकट राळेत बुडवलेली. ते लावून कोणी खोलीत आलं तर लाजरी म्हणायची हिंमत होणार नाही. संध्याकाळी नटूनथटून बाहेर पडणाऱ्या बायकांचा वास म्हणून तो गाजला आणि शंभर वर्षं झाली तरी विकला जातोय. त्याच घराण्याचं त्याआधीचं जिकी, १८८९ चं, त्यातही व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य वास देणारं द्रव्य, आहे आणि ते तर पुरुषसुद्धा लावायचे. आपल्या काळात टॉम फोर्डचं टोबॅको व्हॅनिल घ्या, २००७ चं, तंबाखू, मसाले आणि व्हॅनिला, बाई-पुरुष दोघं लावतात. मग यातलं लाजरं काय आहे?

केकवाली गोडी आली ती बरीच नंतर. १९९२ साली म्यूग्लरचं एंजल आलं. त्यात इथाइल माल्टॉल नावाचा पदार्थ भरपूर घातला, जत्रेत बुढ्ढी के बाल मिळतात ना, गुलाबी, त्या कढईजवळ उभं राहिलं की येतो तो वास. आणि त्याच्याखाली दणकट पॅचौली, म्हणजे एका झाडाच्या पानांचं मातकट वासाचं तेल. ते चाललं, खूप चाललं, आणि मग साखर, कॅरॅमल, चॉकलेट अशा खायच्या वासांची रांगच लागली. त्यातले बरेच कॉलेजच्या मुलींसाठी गुलाबी बाटलीत आले. तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यातली "गोड मुलगी" बहुतेक तिथली आहे. तुम्ही सांगताय ते लाकूड, धूर, ऊद, ती वेगळी वस्तू आहे. ती ज्या लाइनीतली आहे तिला तिकडे अँबर म्हणतात, पूर्वी ओरिएंटल म्हणायचे. त्या बाईचं चित्र कोणी रंगवलंच तर ठाम, रात्री उशिरापर्यंत जागणारी, मोजकं बोलणारी असं रंगवतात. म्हणजे बघा, एकच व्हॅनिला, शेजारी काय बसवलं त्यावरून पूर्ण वेगळी बाई उभी राहते.

तर्रीपोहे
ताई नमस्कार घ्या. आजपासून मी जत्रेत गेलो की एंजल हुंगून येतो असं सांगणार घरी.

अत्तरदाणी
@तर्रीपोहे सांगा सांगा, पॅचौली कुठून आणणार ते पण सांगा.

बुटीबोरी_शिफ्ट
नमस्कार. मी इथं नवीन आहे. धागा वाचून विचारतो, बायकोचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात. तिला व्हॅनिलाचा घेऊ का? तिला गोड आवडतं.

अत्तरदाणी
@बुटीबोरी_शिफ्ट भाऊ, गोड खायला आवडणं आणि गोड वास अंगावर दिवसभर वागवणं यांचा काही संबंध नाही. तिलाच सोबत घेऊन जा. कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका, तिच्या मनगटावर एक मारा आणि दुकानाबाहेर पडा, बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, फिरा, काहीतरी खा, दोनेक तासांनी परत हुंगा. व्हॅनिला खरी तेव्हा कळते, पहिल्या पंधरा मिनिटांत जे येतं ते वरवरचं.

बुटीबोरी_शिफ्ट
मग सरप्राईज राहत नाही ना.

खामल्याच्या_काकू
सरप्राईज म्हणून सोबत फिरणं द्या. लग्नाला किती वर्षं झाली हो?

रसायन_शिकवते
वर अत्तरदाणी ताईंनी म्हटलं की व्हॅनिला उशिरा कळते, त्याचं कारण सोपं आहे. पर्फ्यूममधले रेणू एकाच वेळी उडत नाहीत. संत्र्या-लिंबाच्या सालीतले हलके असतात, ते मिनिटांत जातात. व्हॅनिलिनचा उत्कलनबिंदू २८५ अंशांच्या आसपास आहे, साध्या हवेत तो घन, पांढरे सुईसारखे स्फटिक, तो कातडीवरून फार हळू उडतो. म्हणून त्याला तळाचा सूर मानतात आणि म्हणून दुसऱ्या दिवशी ओढणीला जो वास उरतो तो बहुतेक वेळा व्हॅनिला नाहीतर कस्तुरीसारखं काहीतरी असतं.

आता नागपूरचा उन्हाळा. ४५ अंशांत सगळंच जास्त वेगानं उडतं. सकाळी नऊला लावलेल्या पर्फ्यूमचा वरचा आंबट-ताजा भाग साईटवर पोचेपर्यंत संपलेला असतो आणि मग तळाची गोडी एकदम मोठ्यानं बोलायला लागते. हिवाळ्यात जी व्हॅनिला गळ्याशी गुपचूप बसते तीच मेमध्ये चार हातांवरच्या माणसाला पोचते. त्यामुळे मारायचं प्रमाण अर्ध्यावर आणा. आणि गळ्याऐवजी गुडघ्यामागे किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला, वास वर हळूहळू येतो. इथली हवा मेमध्ये फार कोरडी असते, कातडी कोरडी पडली की वास धरत नाही, तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडं खोबरेल लावा. खोबरेलाला स्वतःचा वास असतो हे मात्र लक्षात ठेवा.

आणखी एक, पांढऱ्या कपड्यावर थेट मारू नका. व्हॅनिलिन हवेनं, उजेडानं तपकिरी पडतं. माझ्या एका पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याशी पिवळट डाग आहेत, ते काही केल्या निघत नाहीत. बाटलीतलं पाणीही वर्षभरात चहाच्या रंगाचं होऊ शकतं, म्हणून ते खराब झालं असं समजून फेकून देऊ नका, आधी हुंगून बघा.

मनीषनगरची_इंजिनिअर
@रसायन_शिकवते अरे हो! माझ्या बाटलीतला रंग गडद झालाय, मला वाटलं दुकानदारानं जुना माल दिला. थँक्यू.

खामल्याच्या_काकू
मी जुन्या मताची आहे, राग मानू नका. उन्हाळा म्हणजे वाळा. आमच्या घरी कूलरला अजून वाळ्याच्या ताट्या लावतात, दुपारी पाणी मारलं की सगळं घर थंड वाटतं, माठात वाळ्याची जुडी, आणि संध्याकाळी अंगणात मोगरा. माझ्या सासूबाई इतवारीतून वाळ्याचं अत्तर आणायच्या, कापसाचा बोळा करून कानात. चुलीपुढे बसून घामाघूम झालेली बाई पण त्यांच्याजवळून गेलं की पाऊस पडल्यासारखं वाटायचं. मे महिन्यात व्हॅनिला लावणं म्हणजे उन्हात स्वेटर घालणं, असं माझं मत. डिसेंबर-जानेवारीत लावा, तेव्हा इथं पहाटे पारा दहाच्या खाली जातो, शाल, शेकोटी आणि तो वास, छान जमतं. साईटवरच्या काकांना केक आठवला तो उन्हामुळंच आठवला असेल.

फुटाळा_संध्याकाळ
@काकू पण मोगरा उन्हाळ्यात चालतो तो पण किती उग्र असतो! बसमध्ये कोणाच्या केसात ताजा गजरा असला की माझं डोकं धरतं. मग व्हॅनिलालाच का नाव ठेवायचं?

खामल्याच्या_काकू
मोगऱ्यानं डोकं धरलेलं पहिल्यांदा ऐकलं वो बाई.

रात्रपाळी
डोकं धरण्यावरून लिहिते. मी नर्स आहे. ड्यूटीवर आम्ही पर्फ्यूम लावतच नाही, कोणाला मळमळ असते, कोणाला दमा असतो, औषधांच्या वासात अजून एक वास कोणाला नको असतो. मेट्रोतही तेच, एसी, दारं बंद, शेजारचा माणूस उठून जाऊ शकत नाही. आणि लावणाऱ्याला स्वतःचा वास थोड्या वेळानं येणं बंद होतं, नाक त्याला सरावतं, मग त्याला वाटतं उडाला आणि तो परत मारतो. अशी माणसं रोज दिसतात.

पण मूळ प्रश्नावर सांगते. मी व्हॅनिलाचा पर्फ्यूम लावते, फक्त घरी. सकाळी ड्यूटीवरून आले, अंघोळ केली, पडदे ओढले, थोडासा मनगटावर आणि झोप. कोणी बघायला नाही, कोणी हुंगायला नाही. तेव्हा त्यावरून माझा स्वभाव कोण काढणार? रात्रभर जे हुंगलं असतं, स्पिरिट, डेटॉल, रक्त, ते नाकातून जावं म्हणून लावते. मला त्या वासानं सुरक्षित वाटतं. इंजिनिअर ताई, तुम्हीही दिवसभर सिमेंटच्या धुळीत असता. मला वाटतं तुम्ही तो वास लोकांना दाखवायला लावतच नाही आहात.

मनीषनगरची_इंजिनिअर
@रात्रपाळी हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. हो. तसंच आहे.

तर्रीपोहे
रात्रपाळी ताई, तुमच्यासारख्यांमुळे आम्ही रात्री निवांत झोपतो. मनापासून.

सिरसीचा_जावई
मी नागपूरचा, सासुरवाडी कर्नाटकात सिरसीजवळ. सुपारीच्या बागा आहेत त्यांच्या आणि सुपारीच्या झाडांवर व्हॅनिलाच्या वेली चढवलेल्या. २००३ च्या आसपास भाव आभाळाला टेकले तेव्हा सगळ्यांनी लावल्या, मग दोन वर्षांत भाव असा कोसळला की कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. सासऱ्यांनी ठेवल्या.

ते बघितल्यापासून "व्हॅनिला म्हणजे साधं, गोडगोड" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. ही ऑर्किडच्या जातीची वेल आहे, मूळ मेक्सिकोची. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. तिकडच्या मधमाश्या इकडे नाहीत, म्हणून प्रत्येक फुलाला माणसानं हातानं परागण करावं लागतं. सासूबाई सकाळी चहाच्या आधी बागेत असतात, हातात काडी, पाकळी चिरायची, आतला बारीकसा पडदा काडीनं वर उचलायचा आणि अंगठ्यानं पराग दाबायचा. एका फुलाला काही सेकंद, पण फुलं शेकड्यांनी. मग शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने. आणि एवढं करून ती हिरवी शेंग हुंगली तर काही वास येत नाही! मग ती गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळायची, दिवसा उन्हात, रात्री पेटीत, असं कित्येक आठवडे, तेव्हा ती काळी, सुरकुतलेली, तेलकट होते आणि वास सुटतो.

हातानं परागण करायची ही रीत शोधली कोणी, तर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एदमों आल्बियस नावाच्या मुलानं, १८४१ मध्ये. तो गुलाम होता आणि बारा वर्षांचा होता. मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना जी सोपी युक्ती जमली नव्हती ती त्याला जमली. मादागास्करपासून आमच्या सासऱ्यांच्या बागेपर्यंत आजही तीच रीत चालते. पुढं गुलामी गेली, तो मोकळा झाला, पण पैसा त्याला काही मिळाला नाही, गरिबीतच गेला.

संत्राबर्फी
बारा वर्षांचं लेकरू. बाप रे.

खामल्याच्या_काकू
हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

रसायन_शिकवते
@सिरसीचा_जावई फार छान लिहिलंत. एक जोड देते. एवढी मेहनत आहे म्हणूनच आज बाजारातलं बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यात बनतं. १८७४ साली जर्मनीत टिमान आणि हारमान यांनी ते पाइनच्या झाडातल्या एका पदार्थापासून पहिल्यांदा तयार केलं. ते झालं नसतं तर ताईंनी वर सांगितलेलं जिकीही झालं नसतं. शेंगेत मात्र व्हॅनिलिनसोबत आणखी शेकडो वास असतात, त्यामुळे खऱ्या शेंगेचा अर्क लाकडासारखा, मनुक्यासारखा, कधी कधी तंबाखूसारखा येतो. कारखान्यातलं हलकं समजू नका पण, रेणू तोच आहे.

वेलदोडा
सगळं वाचलं, आता माझं. इथं कोणी एक गोष्ट बोललं नाही असं मला वाटतं.

मैत्रीण म्हणाली की व्हॅनिला म्हणजे घरात रमणारी, खाऊपिऊ घालणारी. कुणाच्या घरात? माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात व्हॅनिला कधी आलीच नाही. शिऱ्यात वेलची, पुरणात जायफळ, श्रीखंडात केशर, खिरीत चारोळी. आजीच्या पदराला वास यायचा तो फोडणीचा, तुपाचा आणि दुपारनंतर थोडा कापराचा. आई कस्टर्ड पावडरचा डबा आणायला लागली तेव्हा व्हॅनिला घरात शिरली, आणि ते कस्टर्ड पाहुणे आले तरच. केक म्हणजे बेकरीतून आणलेला, वाढदिवसाला, पुठ्ठ्याच्या डब्याला दोरी बांधून. आईस्क्रीम म्हणजे उन्हाळ्यात रात्री जेवून स्कूटरवर तिघं-चौघं बसून बाहेर गेल्यावर. म्हणजे आपल्याकडे व्हॅनिला हा बाहेर पडण्याचा वास आहे, सणाचा, चैनीचा. इंग्लंड-अमेरिकेत आजी घरी बिस्किटं भाजते म्हणून तिथं व्हॅनिला म्हणजे आई-आजी-घर. ती समजूत जाहिरातींबरोबर, त्या "तुमचा वास, तुमचा स्वभाव" छापाच्या प्रश्नमंजुषांबरोबर इकडे आली आणि आपण ती जशीच्या तशी उचलली. त्या प्रश्नमंजुषा म्हणजे वर्तमानपत्रातलं राशीभविष्य, कोणालाही लागू पडतं.

आणि समजा घरगुती बाईचाच वास असला, तरी साईटवर कडक बोलणाऱ्या बाईनं तो का लावू नये? कडक बोलणारी बाई घरी येऊन पुरण वाटत नाही का? हे मला फार खटकतं की बाईनं कामात ठाम असायचं तर तिचा वासही तिखट पाहिजे, कपडेही करडे पाहिजेत, आवाजही जाड पाहिजे. पुरुषाला कोणी म्हणतं का की साहेब तुम्ही गुलाबाचं अत्तर लावता, तुमच्या हुद्द्याला शोभत नाही? आपल्याकडे गुलाबाचं, केवड्याचं अत्तर लावणारे किती दणकट पुरुष होऊन गेले.

फुटाळा_संध्याकाळ
@वेलदोडा आजीच्या पदराचं पटलं. पण तरी मी म्हणेन की वास निवडीत माणूस असतोच. तुम्हीच बघा, वेलदोडा नाव घेतलंय!

वेलदोडा
@फुटाळा_संध्याकाळ हे मात्र मान्य. आणि तुम्ही सुरुवातीला लिहिलंत ना, की मैत्रिणीला एकच बाजू माहीत आहे, ते मला सगळ्यात आवडलं होतं.

अत्तरदाणी
वेलदोडा यांचं वाचून आठवलं, वेलची आणि व्हॅनिला एकत्र असलेले पर्फ्यूम असतात आणि ते आपल्या नाकाला फार लवकर आपले वाटतात. केशर-व्हॅनिलाही. इंजिनिअर ताई, उन्हाळ्यासाठी तुम्हाला व्हॅनिला सोडायची नसेल तर एक करा. आधी वाळ्याचं अत्तर अगदी टोचभर, सुईच्या टोकाएवढं, आणि त्यावर तुमचा पर्फ्यूम एकदाच. वाळा मातकट, हिरवा, थोडा धुरकट असतो, तुमच्या पर्फ्यूममधलं लाकूड तो वर उचलतो आणि गोडी खाली दाबतो. काकूंचाही मान राहील. आधी सुट्टीच्या दिवशी घरी करून बघा.

खामल्याच्या_काकू
हे बरं सांगितलं. पण वाळा अस्सल घ्या, स्वस्तातल्या हिरव्या पाण्यात काही नसतं. खरं अत्तर घट्ट असतं, काडीनं उचललं तर लगेच ओघळत नाही.

मनीषनगरची_इंजिनिअर
रविवारी केलं. वाळा माझ्या आईकडून आणला, तिच्याकडे इवलीशी कुपी होती. मनगटावर टोचभर, पाच मिनिटं थांबले, मग वरून एक मारला. आधी नुसती ओली माती आली, मला वाटलं बिघडलं. अर्ध्या तासानं भाजी आणायला गोकुळपेठेत गेले, ऊन चांगलंच होतं, आणि तिथं कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना एकदम तो वास आला, गोड आहे पण केक नाही, बांधकामावरच्या ताज्या रंधा मारलेल्या लाकडासारखा. साईटवर सुतार काम करतात तेव्हा येतो तो. मला तिथंच हसू आलं.

मैत्रिणीशीही बोलले. ती म्हणाली तिला फक्त एवढंच वाटलं होतं की लोकांनी मला कमी लेखू नये. तिची काळजी मला कळली. पण मी लावणार. साईटवर लोक मला ओळखतात ते मी ड्रॉइंग कशी वाचते आणि चूक सळई कशी काढून परत बांधायला लावते यावरून.

तर्रीपोहे
सुपरवायझर काका काय म्हणाले?

मनीषनगरची_इंजिनिअर
विचारून राहिले होते की मॅडम, पाऊस येते का आज.

रात्रपाळी
❤️

सिरसीचा_जावई
एक विचारतो, बाटली ठेवता कुठं? नागपुरात एप्रिलमध्ये बंद घरात दुपारी जे तापतं, त्यात पर्फ्यूमचं काय होत असेल?

रसायन_शिकवते
कपाटात, खालच्या कप्प्यात, खोक्यासकट. ड्रेसिंग टेबलवर खिडकीसमोर सगळ्यात वाईट, ऊन आणि उजेड दोन्ही. गाडीत तर अजिबात नाही, उन्हात उभी राहिलेली बंद गाडी भट्टी होते आणि वर अल्कोहोल असतं. बाथरूममध्येही नको.

बुटीबोरी_शिफ्ट
परत आलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बायकोला सोबत नेलं. बर्डीवर दोन दुकानं फिरलो, मनगटं संपली तेव्हा कोपरापर्यंत लावून बघितलं, मध्ये पाणीपुरी खाल्ली, परत हुंगलं. व्हॅनिला तिला आवडली पण म्हणाली ही मला स्वतःला नको, तू लाव, तुझ्या अंगावर छान येईल. खरंच सांगतो, मला लावून बघितली आणि ती घेतली माझ्यासाठी. तिनं स्वतःसाठी इतवारीतून मोगऱ्याचं अत्तर घेतलं. लग्नाला अकरा वर्षं झाली काकू, तुम्ही विचारलं होतं.

खामल्याच्या_काकू
दोघांनाही आशीर्वाद. मोगराच घेतला ना, बघा.

फुटाळा_संध्याकाळ
मी तुमच्या बसमध्ये नाही येणार 😄

बुटीबोरी_शिफ्ट
एक शंका राहिली. मी कंपनीच्या बसनं जातो, पन्नास माणसं, पहाटेची शिफ्ट. व्हॅनिला किती मारू?

रात्रपाळी
एकदा. शर्टाच्या आत, छातीशी. आणि बसमध्ये चढायच्या निदान अर्धा तास आधी. तुम्हाला येईनासा झाला तरी परत मारू नका.

अत्तरदाणी
आणि शर्ट पांढरा असेल तर कातडीवरच, कापडावर नाही.